तुर्गोचे वीस महिने: रस्त्याची वेठ आणि सहा फर्मानं

अठराव्या शतकात फ्रान्सचे राजमार्ग युरोपभर नावाजलेले होते. सरळ, रुंद, दुतर्फा झाडं. हे रस्ते बांधायचे कोण? आसपासच्या गावांतले शेतकरी, आणि तेही फुकट. वर्षातले काही दिवस घरातला कर्ता माणूस, बैल किंवा घोडा आणि गाडी घेऊन रस्त्यावर हजर व्हायचं, दगड वाहायचे, खडी फोडायची, ती पसरायची. मजुरी नाही. ऐन कामाच्या दिवसांत बोलावणं आलं तर शेत तसंच टाकून जायचं. कामात बैल लंगडा झाला तर नुकसान शेतकऱ्याचं. फ्रेंचमध्ये या प्रकाराला 'कोर्वे' म्हणत. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही: वेठ.

त्याच रस्त्यावरून सरदाराची बग्गी धावायची, व्यापाऱ्याचा माल जायचा, आणि रस्ता आला की जमीनदाराच्या जमिनीचा भाव चढायचा. म्हणजे रस्त्याचा फायदा ज्यांना सर्वांत जास्त, त्यांना रस्त्यासाठी एक दमडीही द्यावी लागत नव्हती. १७३८ पासून ही वेठ जवळजवळ देशभर लागू होती. १७७६ साली एका अर्थमंत्र्याने ती बंद करून तिच्याऐवजी सर्व जमीनमालकांवर कर बसवायचं ठरवलं. दोन महिन्यांत त्याची खुर्ची गेली.

त्याचं नाव आन-रोबेर-झाक तुर्गो. फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की आपल्याला १७८९, बास्तीयचा तुरुंग आणि गिलोटिन आठवतं. तेरा वर्षं आधी काय घडलं हे समजलं, तर १७८९ मध्ये लोक इतके का पेटले हे कळायला खूप मदत होते.

तुर्गोचा जन्म १७२७ चा, पॅरिसचा. घराणं सरकारी नोकरीतलं, वडील पॅरिसचे नगरप्रमुख. धाकट्या मुलाने धर्मगुरू व्हावं असं ठरलं होतं, त्याने सॉरबॉनमध्ये धर्मशास्त्राचा अभ्यासही केला. पण आयुष्यभर मुखवटा घालून वावरणं आपल्याला जमणार नाही असं म्हणून तो त्या वाटेवरून परतला आणि सरकारी सेवेत शिरला. १७६१ मध्ये त्याची लिमोज प्रांतावर 'अँतांदाँ' म्हणून नेमणूक झाली. अँतांदाँ म्हणजे राजाचा प्रांतातला मुख्य अधिकारी. करवसुली, रस्ते, बंदोबस्त, दुष्काळ, सगळं त्याच्याकडे. आपल्या जिल्हाधिकाऱ्याच्या कामाशी ते बरंच जुळतं, फक्त प्रदेश मोठा.

लिमोज गरीब प्रांत होता. जमीन हलकी, लोक राय नावाच्या धान्यावर आणि चेस्टनटवर जगणारे. तुर्गो तिथे १३ वर्षं राहिला. जास्त मानाच्या प्रांतात बदली मिळत असताना त्याने ती नाकारली, कारण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नव्हतं. त्याने तिथे वेठ थांबवली. रस्ते कंत्राटाने, मजुरी देऊन बांधून घेतले आणि तो खर्च प्रांतातल्या करदात्यांवर वाटून टाकला. अनुभव असा आला की रस्ते जास्त चांगले झाले. पोटाला पैसे मिळणारा माणूस आणि ओढून आणलेला माणूस यांच्या हातच्या कामात फरक पडणारच. १७७०-७१ च्या दुष्काळात त्याने गावोगाव कामं काढून लोकांना रोजगार दिला, आणि जमीनमालकांनी आपल्या कुळांना उपाशी हाकलून देऊ नये असा हुकूम काढला. महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं पाहिलेल्या वाचकाला ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको.

आता या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाकडे येऊ: विशेषाधिकार. हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर जुन्या घराण्यातले तलवारवाले सरदार येतात. पण त्या काळच्या फ्रान्समध्ये चित्र वेगळं होतं, आणि तुर्गोची सारी लढाई त्या फरकाशी बांधलेली आहे.

'ताय' हा मुख्य प्रत्यक्ष कर. सरदार आणि धर्मगुरू त्यातून मोकळे. हजारो सरकारी पदांवरचे लोकही मोकळे. पुष्कळ शहरांतले नागरिकही मोकळे. उरला कोण? शेतकरी. आता मोकळं होण्याचा मार्ग काय, तर पद विकत घेणं. न्यायाधीशाचं पद विकत मिळायचं, ते वारसाने मुलाकडे जायचं, पुढे विकताही यायचं. राजाला पैशाची नड लागली की नवी पदं निर्माण करून विकली जायची. 'राजाचा सचिव' नावाचं एक पद होतं. शेकडो माणसं हे पद बाळगून होती, काम जवळपास शून्य. पण ते घेतलं की घराण्याला सरदारकी मिळायची. लोक त्या पदाला 'गावंढळाचा साबण' म्हणत: अंगाला लावला की सामान्यपणा धुऊन निघतो. श्रीमंत झालेला व्यापारी किंवा मक्तेदार पहिल्या संधीला हा साबण विकत घेई, आणि त्या दिवसापासून त्याच्या वाट्याचा ताय गावातल्या बाकीच्यांवर पडे, कारण गावाने भरायचा आकडा कमी होत नसे.

हे नीट लक्षात घ्यायला हवं. जितका माणूस श्रीमंत, तितकी त्याला करातून सुटायची सोय जास्त. जितका गरीब, तितका बोजा जास्त. आणि ही सूट पैसे मोजून घेतलेली असल्यामुळे ती घेणाऱ्याला ती आपली मालमत्ताच वाटे. तिला हात लावणं म्हणजे चोरी, अशी त्याची प्रामाणिक समजूत असे.

मे १७७४ मध्ये पंधरावा लुई देवीच्या रोगाने वारला. नातू सोळावा लुई १९ वर्षांचा, भला, संकोची, राज्यकारभाराची सवय नसलेला. त्याने सल्ल्यासाठी मॉरपा या सत्तरी ओलांडलेल्या जुन्या मंत्र्याला बोलावलं. तुर्गो आधी महिनाभर नौदल खात्यात होता, आणि २४ ऑगस्ट १७७४ ला तो 'काँत्रोलर जनराल', म्हणजे अर्थमंत्री झाला. त्याच दिवशी त्याने राजाला एक पत्र लिहिलं. त्यातल्या तीन ओळी प्रसिद्ध आहेत: दिवाळखोरी नाही, करवाढ नाही, कर्ज नाही. मग पैसा आणायचा कुठून? खर्च उत्पन्नाच्या खाली आणून. १७७५ साठीचा त्याचा अंदाज सुमारे २१.३ कोटी लीव्ह्र (त्या काळचं फ्रेंच चलन) उत्पन्नाचा आणि सुमारे २३.५ कोटी खर्चाचा होता. त्या पत्रातच त्याने लिहून ठेवलं की मला एकट्याला सगळ्या गैरव्यवहारांशी लढावं लागेल, आणि त्यातून फायदा घेणारे सगळे माझ्या विरोधात जातील.

सुरुवात त्याने स्वतःपासून केली. मीठ, तंबाखू, जकात यांची वसुली 'फेर्म जनराल' नावाच्या मक्तेदारांच्या मंडळाकडे होती. राजाला ठरलेली रक्कम आगाऊ द्यायची आणि लोकांकडून त्याहून कितीतरी जास्त वसूल करायची, असा तो धंदा. मक्त्याचा नवा करार झाला की मक्तेदारांनी अर्थमंत्र्याला ३ लाख लीव्ह्र 'भेट' द्यायची, हा रिवाज उघडपणे चालत होता. तुर्गोने ती भेट नाकारली. स्वतःचा पगार १,४२,००० वरून ८२,००० लीव्ह्रवर आणला. दरबारातल्या अनेकांचे, अगदी राजघराण्याच्या जवळच्यांचेही, या मक्त्यात छुपे हिस्से होते. असे नवे हिस्से देणं त्याने थांबवलं. दरबारात शत्रू निर्माण व्हायला एवढं पुरेसं होतं.

पण त्याचं पहिलं मोठं पाऊल धान्याबद्दल होतं, आणि माझ्या मते त्याची सर्वांत मोठी चूकही तिथेच झाली.

त्या काळी धान्याचा व्यापार पोलिसांच्या मुठीत होता. शेतकऱ्याने धान्य बाजारातच आणायचं, व्यापाऱ्याने नाव नोंदवायचं, एका प्रांतातून दुसऱ्यात न्यायला अडथळे. हेतू होता लोकांना भाकरी मिळावी हा. तुर्गोचं म्हणणं असं की या बंधनांमुळेच टंचाई वाढते. एका प्रांतात धान्य सडतं आणि शेजारच्या प्रांतात लोक उपाशी मरतात, कारण ते इकडून तिकडे नेणारा व्यापारीच तयार होत नाही. १३ सप्टेंबर १७७४ च्या हुकमाने त्याने देशांतर्गत धान्यव्यापार खुला केला. तर्क चुकीचा नव्हता. वेळ चुकली. त्या वर्षीचं पीक वाईट आलं होतं. वसंतात भाव चढू लागले. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव ११ सूवरून (सू हे त्या काळचं छोटं नाणं) १४ सूपर्यंत गेला. मजुराची निम्मी कमाई एरवीही पावावरच जायची, म्हणजे तीन सूंचा फरक घरातली चूल विझवणारा होता.

एप्रिल १७७५ मध्ये दिजोंला दंगल झाली. मग पॅरिसच्या उत्तरेला बोमाँ, पाँत्वाज, २ मे ला खुद्द व्हर्साय, आणि ३ मे ला पॅरिस. इतिहासात याला 'पिठाचं युद्ध' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी लोकांनी लूट केली नाही. त्यांनी बेकऱ्यांतून आणि गोदामांतून पीठ काढलं, त्यांना न्याय्य वाटणारा भाव स्वतःच ठरवला आणि तेवढे पैसे टेकवून पीठ नेलं. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्यांच्या डोक्यात पिढ्यानपिढ्यांचा एक करार होता: राजाने भाकरी परवडेल अशी ठेवायची. तुर्गोच्या लेखी ती बाजारात ढवळाढवळ होती. लोकांच्या लेखी तो राजाचा धर्म होता. तुर्गोने परदेशातून धान्य आणणाऱ्यांना बक्षिसी दिली, रोजगाराची कामं काढायला लावली, पण सुमारे २५,००० सैनिकही रस्त्यावर उतरवले. ११ मे ला पॅरिसच्या ग्रेव चौकात दोघांना फाशी दिलं गेलं. एक केशटोप बनवणारा, दुसरा जाळीदार कापड विणणारा कोवळा पोरगा. तुर्गोचा मोठेपणा सांगताना ही फाशी वगळून पुढे जाऊ नये. ज्यांच्यासाठी तो लढत होता त्यांच्यापैकीच ते दोघे होते.

तरीही राजा त्या वेळी त्याच्या मागे ठाम उभा राहिला. त्या जोरावर जानेवारी १७७६ मध्ये त्याने सहा फर्मानं राजापुढे ठेवली. चार लहान होती: पॅरिसमधली धान्यावरची जुनी बंधनं आणि शुल्कं काढणं, बाजार आणि धक्क्यांवरची नाना निरुपयोगी पदं रद्द करणं, गुरांच्या बाजारात खाटकांकडून पैसे उकळणारी प्वासीची पेढी बंद करणं, आणि चरबीवरचा कर बदलणं. उरलेली दोन मुळावर घाव घालणारी होती. एकाने रस्त्याची वेठ संपत होती. दुसऱ्याने कारागिरांचे संघ बरखास्त होत होते.

संघ म्हणजे काय ते पाहू. पॅरिसमध्ये शंभराहून अधिक धंद्यांचे संघ होते. शिंपी, सुतार, पाववाले, कुलूपवाले, प्रत्येकाचा वेगळा. संघाचा 'उस्ताद' असल्याशिवाय धंदा करायला मनाई. उस्ताद व्हायला आधी वर्षानुवर्षं उमेदवारी, मग नोकर कारागीर म्हणून काम, मग एक 'उत्कृष्ट नमुना' बनवून परीक्षा, आणि शेवटी भरमसाट शुल्क. उस्तादाच्या मुलाला यातल्या बऱ्याच गोष्टी माफ. बाकीचे जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात राबत. वर प्रत्येक संघ शेजारच्या संघाशी कोर्टात भांडत असे. नवे कपडे शिवायचा हक्क शिंप्यांचा, जुने विकायचा हक्क जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांचा. मग उसवून पुन्हा शिवलेला कोट नवा की जुना? यावर पिढ्यानपिढ्या खटले चालले, आणि त्यांचा खर्च शेवटी गिऱ्हाईकाच्या खिशातून गेला. भरतकामासारखं काम, जे हजारो बायका घरी करत होत्या, तेही त्यांना स्वतःच्या नावाने करता येत नव्हतं. फर्मानाच्या प्रस्तावनेत तुर्गोने हे खास नोंदवलं आहे. तिथेच त्याचं ते वाक्य आहे: देवाने माणसाला गरजा दिल्या आणि कामाशिवाय त्या भागणार नाहीत अशी रचना केली, म्हणून काम करण्याचा हक्क ही प्रत्येक माणसाची मालमत्ता आहे, आणि ती सर्वांत पहिली, सर्वांत पवित्र मालमत्ता आहे.

ज्या समाजात 'मालमत्ता' हा शब्द विकत घेतलेल्या पदाला आणि करसवलतीला लावला जात होता, तिथे त्याने तो शब्द उचलून कष्टकऱ्याच्या हातात दिला. माझ्या लेखी त्याच्या साऱ्या कामातली ही सर्वांत धाडसी गोष्ट आहे.

मंत्रिमंडळातच विरोध सुरू झाला. राजमुद्रेचा रक्षक मिरोमेनिल याने वेठीच्या फर्मानावर कलमवार आक्षेप लिहून राजाला दिले, आणि तुर्गोने त्याला तितकंच कलमवार उत्तर दिलं. हे दोन्ही आज वाचायला मिळतात, आणि प्रश्न समजून घ्यायला याहून चांगला कागद मला माहीत नाही. मिरोमेनिलचं म्हणणं: सरदार रणांगणावर रक्त सांडतात, करमाफी हा त्या सेवेचा मोबदला. तुर्गोचं उत्तर: सरदारकी आता पैशाने मिळते. असा श्रीमंत उरला नाही जो लगेच सरदार होत नाही. त्यामुळे विशेषाधिकाराचा वाद आता थोर घराणी विरुद्ध सामान्य असा राहिलेला नाही, तो श्रीमंत विरुद्ध गरीब असा झाला आहे. आणि सरकारचा खर्च सर्वांच्या हितासाठी असेल तर सर्वांनी त्यात वाटा उचलायला हवा. समाजाचे फायदे ज्याला जास्त मिळतात, त्याने त्याचा भार उचलण्यात जास्त भूषण मानावं.

पण दरबारातल्या राजकारणापुढे त्यालाही झुकावं लागलं. धर्मसंस्थेच्या जमिनींना या नव्या करातून वगळलं गेलं, नाहीतर सगळंच बुडालं असतं.

राजाचं फर्मान कायदा व्हायला ते 'पार्लमाँ'मध्ये नोंदवलं जावं लागे. हे नाव फसवं आहे. ही लोकांनी निवडलेली संसद नव्हती, ते वरिष्ठ न्यायालय होतं. त्यातले न्यायाधीश आपली पदं विकत घेतलेले, त्या पदांमुळेच सरदार झालेले. म्हणजे विशेषाधिकार काढायचा की नाही हे विशेषाधिकारवाल्यांनाच विचारायचं. पंधराव्या लुईने शेवटी शेवटी ही न्यायालयं मोडून काढली होती. नव्या राजाने नोव्हेंबर १७७४ मध्ये लोकप्रियतेच्या भरात ती पूर्ववत केली, आणि तुर्गोने तेव्हा त्याविरुद्ध कंबर कसली नाही. ते त्याला फार महागात पडलं.

पार्लमाँने सहापैकी एकच फर्मान, गुरांच्या बाजाराच्या पेढीचं, मुकाट्याने नोंदवलं. बाकीच्यांवर मार्च १७७६ मध्ये लेखी निषेध पाठवला. त्याचा आशय असा: माणसामाणसांत कर्तव्यांची समानता आणणारी आणि आवश्यक भेद मोडणारी कोणतीही व्यवस्था, दया आणि परोपकाराच्या नावाखाली आली तरी, शेवटी समाजच उलथवून टाकेल. धर्मगुरूंनी पूजा आणि शिकवण सांभाळायची, सरदारांनी रक्त द्यायचं, आणि शेवटच्या वर्गाने, ज्याला राज्याची तशी सेवा करता येत नाही, त्याने कर, धंदा आणि अंगमेहनत द्यायची. पॅरिसचे मोठे न्यायाधीश हे गंभीरपणे लिहून देत होते. राजाचा नातेवाईक प्रिन्स द कोंती या विरोधाचा पुढारी होता. पॅरिसमधलं 'ताम्प्ल' हे आवार त्याच्या ताब्यात होतं. तिथे संघांचे नियम चालत नसल्याने कारागीर भाडं भरून तिथे धंदा करत. संघच नाहीसे झाले तर तिथे कोण राहील?

शेवटी १२ मार्च १७७६ ला व्हर्सायमध्ये राजाने खास दरबार भरवला. राजा स्वतः हजर असला की पार्लमाँचा विरोध गळून पडे आणि फर्मान सक्तीने नोंदवलं जाई. सहाही फर्मानं कायदा झाली. पॅरिसमध्ये कारागिरांनी आनंद साजरा केला. योगायोग असा की तीनच दिवस आधी, ९ मार्चला, लंडनमध्ये अॅडम स्मिथचा राष्ट्रांच्या संपत्तीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. १७६६ मध्ये पॅरिसला असताना स्मिथ आणि तुर्गो भेटले होते.

वर वर पाहता हा विजय होता. पण या एका दिवसात न्यायाधीश, सरदार, मक्तेदार, संघांचे उस्ताद, बाजारातले पदाधिकारी असे सगळे एकाच माणसाविरुद्ध एकत्र आले. पार्लमाँ नाही, दरबार नाही, भाकरीच्या भावामुळे पॅरिसची जनताही पूर्ण नाही, अशी तुर्गोची स्थिती. त्याच्याकडे होता फक्त २१ वर्षांचा एक राजा. 'लोकांवर प्रेम करणारे फक्त मी आणि तुर्गो' असं तो राजा म्हणाल्याचं सांगतात. पण मॉरपाला तुर्गोचं वाढतं वजन खुपत होतं. राणी मारी आंत्वानेत आधीच नाराज होती. तिच्या मर्जीतल्या कोंत द गीनला लंडनच्या वकिलातीतून परत बोलावण्यात तुर्गोचा हात होता. राजवाड्याच्या खर्चाला कात्री लागणार हे तिच्या भोवतालच्यांना दिसत होतं. तुर्गो बोलण्यात लवचिक नव्हता. समोरच्याला आपला मुद्दा पटलाच पाहिजे, नाही पटला तर तो समजून घेत नाही, असं त्याला वाटे. मित्र त्याला थोडं सबुरीने घ्यायला सांगत. यावर तो म्हणाल्याचं प्रसिद्ध आहे की लोकांच्या गरजा अफाट आहेत आणि आमच्या घराण्यात माणसं पन्नाशीत संधिवाताने जातात.

३० एप्रिलला त्याने राजाला पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: महाराज, हे कधी विसरू नका की पहिल्या चार्ल्सचं मस्तक ओंडक्यावर ठेवलं ते दुबळेपणाने. हा चार्ल्स म्हणजे १६४९ मध्ये शिरच्छेद झालेला इंग्लंडचा राजा. पत्राला उत्तर आलं नाही. १२ मे १७७६ ला तुर्गोला पदावरून काढलं. त्याच वेळी त्याचा मित्र आणि राजवाड्याच्या खात्याचा मंत्री मालझेर्ब यानेही पद सोडलं. कोंत द गीनला ड्यूक ही पदवी मिळाली. तुर्गोला बास्तीयमध्ये टाकावं अशी राणीची इच्छा होती, असं ऑस्ट्रियाच्या वकिलाने तिच्या आईला कळवलं.

त्याच्या वीस महिन्यांत तूट बरीच खाली आली होती. जुनं महाग कर्ज फेडण्यासाठी डच सावकार ४ टक्क्यांनी पैसे द्यायला तयार झाले होते, इतकी फ्रान्सची पत सुधारली होती. अमेरिकेतल्या बंडखोरांच्या बाजूने युद्धात उतरू नये, तिजोरीला ते झेपणार नाही, असंही त्याने जाण्याआधी लेखी बजावलं होतं. १७७८ मध्ये फ्रान्स युद्धात उतरला. नव्या अर्थप्रमुखाने, नेकेरने, तो खर्च कर न वाढवता कर्जावर कर्ज काढून भागवला. १७८८ पर्यंत सरकारच्या खर्चापैकी जवळपास निम्मा नुसत्या कर्जफेडीत जात होता.

तुर्गो मार्च १७८१ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, संधिवातानेच गेला. ऑगस्ट १७७६ मध्येच त्याचं काम पुसून टाकलं होतं: संघ थोड्या बदललेल्या रूपात परत आले आणि रस्त्याची वेठही परत आली. फेब्रुवारी १७८७ मध्ये तिजोरी रिकामी झाल्यावर राजाने देशातल्या प्रतिष्ठितांना व्हर्सायला बोलावलं आणि सर्व जमीनमालकांनी जमिनीवर कर द्यावा असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी जूनमध्ये वेठ कायमची बंद झाली, तुर्गोच्या फर्मानानंतर अकरा वर्षांनी. त्या अकरा वर्षांत अनेक ठिकाणी शेतकरी बैल आणि गाडी घेऊन रस्त्यावर हजर होतच राहिला.